माझ्या विकतच्या स्की

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. खरं तर टाळलं असंही म्हणता येत नाही, कारण एकदा मी ती सांगितली होती आणि खोटी सांगितली होती. आमच्या कार्डिफच्या मंडळाच्या एका जुन्या दिवाळी अंकात मी स्कॉटलंडच्या बर्फातल्या सहलीवर लेख लिहिला होता. लोकांना तो आवडला. त्यात एक वाक्य होतं: गावातल्या दुकानदार बाईंच्या हलगर्जीपणामुळे माझ्या धाकट्या भावाचा पाय मोडला. ते वाक्य खरं नाही.

गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात माझ्या मित्राची नात रिया माझ्या शेजारी येऊन बसली. ती दरवर्षी मैत्रिणींबरोबर आल्प्समध्ये जाते.

"आजोबा, यू हॅव टू हेल्प मी. मी आता बरीच इम्प्रूव्ह झाली आहे. माझी इन्स्ट्रक्टर पण तसाच म्हणतो. सो स्की बाय करू का हायरच करत राहू? बाबा म्हणाला, तुम्ही एक्सपर्ट आहात."

मी म्हटलं, "चहा गार होतोय तुझा."

तिने चहा घेतला आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला निघून गेली. घरी आल्यावर मी लिहायला बसलो.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी कार्डिफच्या एका इस्पितळात भूल देणारा डॉक्टर होतो. चाळिशी उलटली होती आणि पोट सुटायला लागलं होतं. इस्पितळातल्या काही जणांबरोबर दर गुरुवारी संध्याकाळी मी कृत्रिम उतारावर स्कीइंग शिकायला जायचो. तिथे बर्फ नसायचा. टेकडीवर प्लॅस्टिकच्या ब्रशांची जाळी अंथरलेली असायची आणि त्यावर पाण्याचे फवारे चालू असायचे. पडलं की जाळीत अंगठा अडकून मुरगळायचा. तरीही मला त्याची गोडी लागली. फेब्रुवारीत चार दिवसांची रजा काढून मी आणि माझी पत्नी कुमुद गाडीने स्कॉटलंडला निघालो.

कार्डिफहून स्पे नदीचं खोरं म्हणजे दीड दिवसाचा रस्ता. कुमुदने दशम्या आणि लसणाची चटणी बरोबर घेतली होती. कार्लाइलजवळ मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ड्रमॉक्टरची खिंड चढलो. दोन्ही बाजूंना तपकिरी हेदर (डोंगरउतारावरची खुरटी झुडपं) आणि त्यावर अर्धवट बसलेला बर्फ, रस्त्याकडेला हरणांचा कळप. पुढे खोरं उघडलं आणि उजव्या हाताला केर्नगॉर्मची पांढरी रांग दिसली. कुमुद म्हणाली, "अहो, त्याच्यावरून घसरायचं तुम्ही? त्यापेक्षा इथूनच बघू या की." ते अगदीच चुकीचं नव्हतं.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एकच मोठा रस्ता, एक चर्च, एक हॉटेल आणि हॉटेलच्या मागच्या गल्लीत इसोबेलचं दुकान. ते पूर्वी घोड्यांचा तबेला होतं. आत मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास. भिंतीला लांबीप्रमाणे लावलेल्या स्कींच्या रांगा, मध्ये एक जाड लाकडी बाक. बाकापाशी पन्नाशीतली उंच, सडपातळ बाई, अंगात विटकरी कार्डिगन, कानामागे पेन्सिल.

"वजन?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि कार्डावर पाच किलो जास्त लिहिले.

"किती चांगलं येतं?"

"मध्यम," मी म्हणालो.

तिने 'नवशिका' असं लिहिलं. कुमुदला हसू आवरेना. इसोबेल तिला म्हणाली, "सगळे असंच करतात, मिसेस. वजन कमी सांगतात आणि विद्या जास्त. दोन्ही ऐकलं तर इस्पितळ भरून जाईल."

मग तिने मला बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा खटका) समजावून सांगितलं. माणूस पडताना पाय पिरगळला की तो खटका सुटायला हवा, म्हणजे पाय वाचतो. खटक्यावर काडीएवढी खिडकी असते, तिच्यात आकडा दिसतो. आकडा जितका मोठा तितका खटका घट्ट. वजन, वय, बुटाची लांबी आणि स्कीइंग किती येतं ते पाहून आकडा ठरवायचा. स्वतःच्या स्की घेऊन आलेल्या लोकांचे खटकेही ती त्या बाकावर तपासून द्यायची. त्याचे पैसे घ्यायची नाही आणि त्याची नोंदही ठेवायची नाही. कार्ड फक्त भाड्याच्या जोडीचं.

त्या चार दिवसांत मी दोनदा जोडी बदलली. आपण सुधारत गेलो की थोडी लांब स्की पेलते; त्या काळी तरी तसं होतं. शेवटच्या दिवशी जोडी परत करताना मी म्हटलं, "आता स्वतःच्याच विकत घ्याव्यात म्हणतो."

"बूट घ्या," इसोबेल म्हणाली. "पाय काही बदलणार नाही तुमचा. स्की नको. तुम्ही रोज बदलताय, डॉक्टर. आज घ्याल त्या पुढच्या वर्षी आखूड वाटतील. सलग दोन हिवाळे मी तुम्हाला एकच लांबी दिली ना, की तिसऱ्या वर्षी या. कुठल्या घ्यायच्या ते मीच सांगेन."

सल्ला चोख होता. मी मान डोलावली आणि एप्रिलमध्ये कार्डिफला सेल लागल्यावर बूट आणि स्की दोन्ही घेऊन आलो. दुकानातला माणूस म्हणाला, साहेबांची तयारी दिसते. मला तेवढं पुरलं. लाल-निळी जोडी मी दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवली होती. कुमुद म्हणायची, "पाहुणे आले की तुमचं लक्ष आधी त्यांच्या चेहऱ्याकडे असतं का स्कीकडे?"

त्या उन्हाळ्यात प्लॅस्टिकच्या उतारावर माझ्या स्की उठसूट सुटायच्या आणि बरोबरचे लोक हसायचे. म्हणून मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खिडकीतला आकडा वाढवत वाढवत आठावर नेला. स्की सुटायच्या थांबल्या. आपलं कौशल्य वाढलं असंच मला वाटलं.

ऑक्टोबरपर्यंत शिकवणारेच म्हणू लागले की या स्की तुम्हाला आखूड पडताहेत. इसोबेल म्हणाली होती अगदी तसंच.

आता माझ्या भावाविषयी. अरुण माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी धाकटा. तेव्हा तो केंब्रिजला वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होता. डोंगरातल्या शेवाळांवर त्याचं काम चालायचं आणि त्यासाठी तो मैलोन् मैल चालायचा. वडील लवकर गेले, त्यामुळे घरात माझा शब्द शेवटचा. माझी पुस्तकं, माझी सायकल, मी या देशात आलो तेव्हाचा माझा लोकरी कोट, सगळं पुढे अरुणकडे गेलं. आमच्या घरात ते विचारून होत नसे. थोरल्याला आखूड झालं की ते धाकट्याचं. पायाचं मापही आमचं एकच होतं.

तेव्हा पुढच्या फेब्रुवारीत मी त्याला फोन केला. "चल आमच्याबरोबर. बूट आणि स्की तुला माझ्या. मी तिथे लांब जोडी भाड्याने घेईन."

विकत घेतलेली वस्तू वाया गेली नाही याचं मला समाधान होतं. इसोबेलला मात्र ती दिसायला नको होती.

म्हणून गावात पोचल्यावर मी गाडी हॉटेलपाशी लावली नाही, चर्चच्या मागे नेऊन लावली. टपावर लाल-निळी जोडी बांधलेली होती. अरुण मागच्या सीटवर बूट चढवून बघत होता.

"दादा, आलोच आहोत तर त्यांना दाखवून घेऊ या ना. तूच म्हणालास, त्या फुकट बघून देतात."

"कशाला? मी बघितलंय सगळं."

"मघाशी स्कीच्या खिडकीत आठ आकडा दिसला, तो कसला?"

"तो माझ्यासाठी लावलाय. असू दे. नवशिक्याची स्की सारखी सुटली की माणूस घाबरतो."

"पण मी तुझ्यापेक्षा वीस किलो तरी हलका आहे."

"अरुण, मी डॉक्टर आहे का तू?"

तो हसला आणि दुसरा बूट चढवू लागला. कुमुद पुढच्या सीटवर हातमोजे शोधत होती. तिने काही ऐकलं का, मला माहीत नाही. मी एकटाच दुकानात गेलो आणि माझ्यासाठी लांब जोडी घेतली.

"म्हणजे विकत नाही घेतल्या अजून?" इसोबेलने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही सांगितलं होतं ना."

तिला बरं वाटलं. कानामागची पेन्सिल काढून तिने माझ्या कार्डावर आनंदाने 'मध्यम' असं लिहिलं.

पहिला दिवस छान गेला. अरुणला सोप्या उतारावर लवकर जमू लागलं. दुपारी आम्ही डोंगरावरच्या लाकडी उपाहारगृहात कलन स्किंक (धुरी दिलेल्या माशाचं बटाटे घातलेलं सूप) घेतलं. अरुण खिडकीबाहेरच्या खडकांकडे बघत म्हणाला, "दादा, या बर्फाखाली काय काय असेल रे! जूनमध्ये यायला हवं." जूनमध्ये तो येणारही होता. त्याच्या कामाचा पुढचा भाग याच डोंगरांत व्हायचा होता.

दुसऱ्या दिवशी हवा उबदार झाली आणि बर्फ भिजून जड झाला. सकाळी मी जोडी बदलायला दुकानात गेलो, तेव्हा बसने आलेल्या एका मोठ्या गटाची रांग लागली होती. कुणी भाड्याच्या जोड्या मागत होतं, कुणी स्वतःच्या स्की बाकावर ठेवत होतं. इसोबेल मान वर न करता एकामागून एक खटके तपासत होती. मी पाच मिनिटांत बाहेर पडलो.

अरुण वेगात पडला नाही. मंडळाच्या लेखात मी तसं लिहिलं होतं, तेही खोटं. तो जवळजवळ थांबलाच होता. वळताना डावी स्की ओल्या बर्फात रुतली, शरीर फिरलं, पाय फिरला नाही आणि तो सावकाश बाजूला कलंडला. स्की सुटली नाही. मी दहा हातांवर होतो. आवाज मला ऐकू आला. तो काय आहे हे ओळखायला मला डॉक्टर असण्याची गरज नव्हती.

घसरगाडी घेऊन गस्तीचा माणूस आला. लाल अंगरखा, बर्फाने पांढरी झालेली दाढी. त्याने अरुणला धीर दिला, पाय बांधला, मग स्की हातात घेऊन खिडकीत पाहिलं.

"आठ?" तो म्हणाला. "या माणसाला? कुणी लावला हा?"

अरुण डोळे मिटून पडला होता. आजूबाजूला सहा-सात माणसं उभी होती. त्यातल्या दोघातिघांशी मी आदल्या दिवशी स्कीइंगवर बरंच बोललो होतो.

"खाली गावात," मी म्हणालो. "आज सकाळी. इसोबेलच्या बाकावर."

अरुणने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटले.

इनव्हरनेसच्या इस्पितळात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. नडगीची दोन्ही हाडं पिळवटून मोडली होती आणि भेग घोट्यापर्यंत उतरली होती. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघेच असताना तो म्हणाला, "दादा, तू त्या बाईंचं नाव का घेतलंस?"

"तोंडातून गेलं."

"मग परत घे."

"घेतो. घरी गेल्यावर सविस्तर पत्र लिहितो."

"मी कुणाला काही सांगणार नाही. वहिनीलाही नाही. पण तू लिही."

गावात आम्ही ज्यांच्या घरी खोली घेऊन उतरलो होतो, त्या घरमालकीणबाईंकडे मी परत गेलो, तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इसोबेल म्हणते, तिला तुमच्या भावाची जोडी आठवतच नाही. पण डॉक्टर सांगतात म्हटल्यावर झालंच असेल, म्हणते. कालपासून बाकापाशी नुसती बसून आहे." मी वर जाऊन सामान बांधलं. जाताना त्या गल्लीतून गेलो नाही.

पत्र मी लिहिलं नाही. आधी अरुणचं प्लास्टर निघू दे म्हटलं, मग उन्हाळा संपू दे म्हटलं. दरम्यान मंडळाच्या संपादकांनी लेख मागितला आणि मी तो लिहून दिला. एकदा छापल्यावर ते माझ्यासाठीही खरं व्हायला लागलं. अरुण जूनमध्ये त्या डोंगरांत गेला नाही. घोटा कधी पुरता वळलाच नाही. पुढे त्याने डोंगरावरचं काम सोडलं आणि प्रयोगशाळेतलं घेतलं. दिवाळीच्या फोनवर तो शेवटी विचारायचा, "लिहिलंस?" काही वर्षांनी त्याने विचारणं सोडून दिलं, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हेही इथे लिहून ठेवतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अरुणच्या घोट्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करायची ठरली. सांधा कायमचा जोडून टाकायचा होता. त्याला भेटून आल्यावर मी रजा काढली. कुमुदला सांगितलं, जुन्या सहकाऱ्याकडे जातोय. खरं काय ते मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. या वेळी आगगाडीने गेलो. जून महिना होता. ड्रमॉक्टरच्या खिंडीत बर्फ नव्हता. ओढे खळाळत होते आणि हेदरला नुकती हिरवी पालवी आली होती. अरुणला हेच बघायचं होतं.

तबेल्यावर आता सायकलींच्या दुकानाची पाटी होती. काउंटरवरच्या माणसाने पलीकडच्या घराकडे बोट दाखवलं. दार इसोबेलनेच उघडलं. केस पांढरे झाले होते. क्षणभर निरखून ती म्हणाली, "डॉक्टर! पाच किलो अजून वाढलेत की."

तिने चहा केला. ओटकेक (ओटच्या पिठाच्या कडक भाकऱ्या) आणि चीज पुढे ठेवलं. कुमुद कशी आहे ते विचारलं. हवेबद्दल बोललो, सायकलवाल्यांबद्दल बोललो. मी बशीत कप ठेवला आणि घसा साफ केला. तेवढ्यात ती म्हणाली, "तुमच्या भावाचा पाय कसा आहे?"

"चालतो," मी म्हणालो.

"मी त्याच्याबद्दल पुष्कळ विचार केला." ती आपल्या हातांकडे बघत होती. "त्या सकाळी रांग होती. मी किती जोड्या पाहिल्या, मला सांगता येत नाही. लाल-निळी होती म्हणे. डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करते. कधी कधी दिसतेसुद्धा, बाकावर ठेवलेली. मग वाटतं, दिसते म्हणजे केलंच असणार मी."

मी ओटकेकचा तुकडा मोडला.

"हॉटेलने माणसं पाठवायची बंद केली, ते त्यांचं बरोबरच होतं. पण मी दुकान त्यामुळे नाही बंद केलं. आपल्या हातांनी काय केलं ते ज्याला आठवत नाही, त्याने दुसऱ्याच्या पायाशी खेळू नये." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मात्र फार चांगले वागलात. दुसरा कुणी असता तर वकील लावला असता. तुमचा एक कागद आला नाही. पहिलं वर्षभर मी रोज पोस्टमनची वाट बघायची, भीतीने. तुम्ही एक ओळदेखील लिहिली नाहीत. ते मी विसरले नाही."

आणि ती उठली, टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आली आणि तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"मला माफ करा, डॉक्टर. तुमच्या भावालाही सांगा."

मी म्हणालो, "जाऊ द्या. झालं ते झालं."

हे माझे शब्द आहेत. मी ते शांतपणे उच्चारले. ती रडली, मग हसली, मग तिने माझ्यासाठी ओटकेक कागदात बांधून दिले. स्टेशनपर्यंत सोडायला आली. गाडी हलली तरी हात हलवत उभी होती. तिचा चेहरा मोकळा झालेला दिसत होता आणि तो मोकळेपणा मी दिलाय, असं क्षणभर माझ्या मनात आलं. त्या विचाराची मला आज जितकी लाज वाटते, तितकी त्या खोट्या वाक्याचीही वाटत नाही.

त्यानंतर दर डिसेंबरला तिचं नाताळचं कार्ड येऊ लागलं. मीही पाठवायचो. आत दोन-चार ओळींना जागा असते. मी लिहायचो: अरुण बरा आहे, इकडे पाऊस आहे. पाचव्या की सहाव्या वर्षी माझ्या कार्डाला तिच्या भाचीचं उत्तर आलं. आत्या ऑक्टोबरमध्ये गेली, तुमचं नाव ती नेहमी घ्यायची, असं त्यात होतं.

हे छापू का, असं मी परवा अरुणला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "छाप की, दादा. पण माझी परवानगी घेऊन काय करणार? ज्यांची घ्यायची त्या गेल्या."

रियाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. बाळ, बूट विकत घे. स्की, जोवर तू सुधारते आहेस तोवर भाड्यानेच घे. सलग दोन हिवाळे तुला एकच लांबी पुरली की मग विकत घे, आणि घेतल्यास तर पहिल्या दिवशी उघडपणे हातात घेऊन दुकानात जा, वजन खरं सांग आणि बाकावर ठेव. हा सल्ला माझा नाही. तो इसोबेलचा आहे.

त्या जूनमध्ये कार्डिफहून निघाल्यापासून पर्थपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून एकच बोलणं इंग्रजीत घोळवत होतो. दोन शब्द बदलायचो, परत जुळवायचो. तिच्या टेबलापाशी बसलो तेव्हा ते मला तोंडपाठ होतं. ते असं होतं: इसोबेल, त्या जोडीला तुमचा हात कधी लागलाच नाही. खटका मी घट्ट केला होता, जोडी तुमच्यापासून मी लपवली होती आणि लोकांसमोर लाज वाटली म्हणून तुमचं नाव मी घेतलं. तुमची काहीही चूक नव्हती. मला माफ करा.